यंत्राला शंकाच येईना

फरशी पुसणाऱ्या यंत्राला ओलं काय नि कोरडं काय हे शिकवायचं काम त्या ऑफिसात चार बायका करत. फोटोत जिथे काही सांडलेलं दिसेल, तिथे माउसने नेमकी कड काढायची. चौघींतल्या थोरलीचा हात इतका सफाईदार, की सगळे तिला रेघताईच म्हणत.

नवे मॅनेजर आले आणि फोटोमागे पैसे मोजायचा हा खर्च त्यांच्या डोळ्यांत खुपला.

"सगळे फोटो माणसांनी कशाला बघायचे? यंत्राला शंका येईल तेवढेच तुमच्याकडे येतील."

कल्पना वाईट नव्हती, रेघताईलाही पटली. पहिल्या आठवड्यात दोनशे फोटो आले, दुसऱ्यात चाळीस, तिसऱ्यात एकही नाही. मॅनेजर हरखले. तिघींना त्यांनी घरी बसवलं. रेघताईला ठेवलं, तेही यंत्राला कधी काही विचारावंसं वाटलंच तर, म्हणून.

तिला रिकामं बसवेना. यंत्राने परस्पर निकालात काढलेले फोटो तिने उघडले आणि कपाळाला हात लावला. खिडकीतून आलेलं ऊन यंत्राने पाणी ठरवलं होतं, आणि सांडलेला चहा चक्क कोरडा!

"साहेब, हे उन्हाला पाणी समजतंय."

"पण त्याला शंका आहे का?"

"नाही ना, तोच तर घोळ! ज्याला कळतच नाही, त्याला शंका कुठून येणार?"

हा टोला आपल्याला तर नाही, अशी शंका मॅनेजरांना मात्र लगेच आली. "यंत्र नव्याण्णव टक्के खात्रीने सांगतंय. तुमची खात्री किती टक्के?"

रेघताईने खात्री कधी टक्क्यांत मोजली नव्हती. ती जागेवर जाऊन बसली.

पुढच्याच आठवड्यात एका इस्पितळाच्या व्हरांड्यात यंत्राची परीक्षा झाली. तिथल्या मोठ्या सिस्टरनी मुद्दाम कपभर चहा फरशीवर ओतला. यंत्र डौलात निघालं, चहातून आरपार गेलं, चाकांनी तो व्हरांडाभर नेला आणि उन्हाच्या कवडशावर जाऊन घासू लागलं. ऊन सरकलं तसं तेही सरकलं.

"बघा, केवढी चिकाटी!" मॅनेजर कसंनुसं हसले.

सिस्टरनी त्यांच्या हातात फडकं दिलं. गुडघे टेकून चहा पुसता पुसता साहेबांना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच रेघताईच्या टेबलापाशी आले. "ते उन्हाचं तुम्ही काय म्हणत होता?"

"शंकेचे फोटो पाठवाच. पण जिथे त्याची छाती फुगलेली असते, त्यातलेही मूठभर डोळे मिटून उचला नि आम्हाला द्या. शितावरून भाताची परीक्षा. आणि आधी त्या तिघींना बोलवा. माझ्या एकटीच्या डोळ्यांवर विसंबू नका, मीही चुकते."

तिघी परतल्या. आठवड्याला शंभरेक फोटोंत भागू लागलं, खर्च खरोखरच निम्म्यावर आला, आणि यंत्र चहा ओळखू लागलं. वार्षिक सभेत मॅनेजरांनी तासभर भाषण ठोकलं. "मला पहिल्यापासूनच वाटत होतं," ते म्हणाले, "यंत्रावर आंधळा विश्वास नको!"

मागच्या रांगेत बसून रेघताईने टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाहेर पडल्यावर तिघी हसून हसून बेजार झाल्या.

"हसा पोटभर," ती म्हणाली, "पण उद्या वेळेवर या. शाळेच्या जिन्यांचे फोटो आलेत, नि पायरीपायरीवर सावल्या आहेत."