चाकातलं रडणं

बादलची जीप कामरगावच्या रस्त्यानं रडत येऊ लागली की फुलसिंग महाराजांच्या झोपडीसमोर माणसं गोळा व्हायची. बाईनं गळा काढावा तसा आवाज लांबून यायचा, आणि झोपडीच्या वळणावर जीप पोचली की चिडीचूप. मग नमस्कार आणि नारळांचा खच.

"आयकलं का? माह्या हद्दीत आली का तिचं तोंड बंद. सरकारच्या बापाले जमन का हे?" महाराज विचारायचे. सरकारचा बाप तिथं हजर नसल्यामुळं उत्तर कुणीच द्यायचं नाही.

रडणारी म्हणे बादलची वारलेली पहिली बायको, पौर्णिमा. तिनं दुसरीला, अंजूला, धरलं होतं. म्हणून दर गुरुवारी अंजूच्या ओटीत फडक्यात बांधलेलं लिंबू घालून तिला सासू धुरपताबाई आणि जीपचं दार यांच्यामध्ये दाबून आणायचे. तिचा मोबाईल सासूच्या पिशवीत. बादल महाराजांचा अंगारा कपाळाला लावायचा आणि उरलेला चाकाची टोपी काढून भक्तिभावानं आत भरायचा. तरी रडणं वाढतच चाललं होतं.

"लई खवळली," महाराज आज म्हणाले. "अवसेपासून सून इथंच ठेवा. मांगच्या खोलीत."

त्या खोलीला खिडकी नव्हती आणि कडी बाहेरून होती. अंजूनं त्या कडीकडं पाहिलं. पळावं तर जायचं कुठं?

येताना डावीकडं असलेलं तेच वळण परतताना उजवीकडं आलं आणि रडणं दुप्पट झालं. "पाय, महाराजांपासून दूर नेलं का कशी आकांत करते," सासू म्हणाली. अंजूच्या हाती ऐकण्याखेरीज काही नव्हतं. पुढं पाण्याच्या टाकीपाशी रस्ता डावीकडं वळला, तसं रडणं थांबलं. इथं तर महाराज नव्हते.

"अहो, डावीकडं वळलं का चूप, उजवीकडं वळलं का बोंब," ती नवऱ्याला म्हणाली. "पौर्णिमाताईले डावं-उजवं कायले पायजे? मले कोंडाच्या आंधी चाक तं खोलून पाहा."

 फाट्यावर बादलनं जीप अजहरच्या गॅरेजकडं घेतली.

अजहरनं जॅक लावून पुढचं डावं चाक वर-खाली धरून हलवलं. ते खडखडलं. त्यानं टोपी काढली. "बादलभाऊ, इथं ग्रीस पायजे. हे राख कोनं भरली?"

बादलची मान खाली गेली. बेअरिंग आधीच थोडं घुमत होतं, त्यात अंगाऱ्यानं रोलर पार खरवडले होते. गाडी डावीकडं वळली की भार उजव्या चाकांवर जायचा आणि या चाकाला उसंत मिळायची. उजवीकडं वळली की सगळा भार याच्यावर. "अजून चालवली असती तं चाकच निखळलं असतं," अजहर म्हणाला. त्यानं सगळं धुऊन नवं बेअरिंग ग्रीस भरून बसवलं, नट आवळून चाक फिरवलं, मग नट किंचित ढिला करून पिन घातली.

धुरपताबाईला पटेना. तिनं जीप पुन्हा झोपडीकडं न्यायला लावली. सगळ्या वाटेवर आवाज नाही. गर्दी म्हणाली, महाराजांनी सोडवलं. महाराजांनी लगेच हात वर केला. "सोडवलं खरं, पन खोलीत तं बसाच लागन."

अंजू स्वतः दार उघडून उतरली. लिंबाच्या फडक्यात तिनं जुनं बेअरिंग आणलं होतं. "हे तुमची पौर्णिमा, महाराज. तुमच्याच अंगाऱ्यानं रडून राह्यली होती."

धुरपताबाईनं त्यावरची राख बोटांत चोळली, महाराजांच्या ताटलीतला अंगारा चोळून पाहिला. मग पिशवीतून मोबाईल काढून सुनेच्या हातात दिला.

लोकहो, आवाज आला तर आधी चाक खोलून पाहा. चाकात बाई रडत नसते. जी रडत होती ती सीटवर दाराशी दाबून बसवलेली होती, आणि तिचं कुणालाच ऐकू आलं नव्हतं.