आजोबांच्या कानातला सेल

बाई गं, काय ती पंच्याण्णव सालची आयुधपूजा! दसऱ्याचा आदला दिवस. अख्ख्या बेंगळूरात असतं तसं आमच्या जयनगरच्या घरीही मिक्सर, शिलाई मशीन, माझ्या भावाची, अण्णाची, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं, आणि मी नटूनथटून दारात. प्रदीपकुमार मला मागणी घालायला येणार होता. आजोबांची अट एकच. "मुलगा काय बोलतो ते मी माझ्या कानानं ऐकणार, मगच हो म्हणणार."

आणि आजोबा ठार बहिरे! त्यांच्या कानाच्या मशीनमध्ये अक्का, म्हणजे माझी आत्या, दर वेळी घड्याळाचा बटण सेल कोंबायची. दिसायला तस्साच, पण लगेच गार. घड्याळाला वीज थेंबभर पुरते, कानाच्या मशीनला धार लागते, हे तिला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मीच खास त्या मशीनचा सेल आणला. त्याला बारीक भोकं असतात. वरची चिकटपट्टी काढली की तो हवा ओढतो आणि चालू होतो.

प्रदीपकुमार आला, बसला, बोलला. आजोबा ढिम्म! तो ओरडला. शेजारचे खिडकीत जमले, तरी आजोबा ढिम्मच.

"हा नुसतं तोंड हलवतो," आजोबा म्हणाले. "नको."

मी त्यांच्या कानातलं मशीन ओढून उघडलं, तर सेलवर हळदकुंकवाचा हा जाड लेप!

"अक्का, हे काय?"

"नवी वस्तू. पूजा नको करायला? पट्टी काढून नीट लावलंय!"

सगळी भोकं बुजलेली! पदरानं खसाखसा पुसला, फुंकला, परत बसवला.

"आजोबा, येतंय ऐकू?"

ढिम्म.

मग मात्र माझं टाळकं सरकलं. "जळ्ळं मेलं ते मशीन! आजोबांना ऐकू येवो न येवो, मी लग्न करीन तर याच्याशीच! नाहीतर जन्मभर इथंच बसून तुम्हा सगळ्यांचं डोकं खाईन!"

हवा ओढून जागं व्हायला त्या सेलला मिनिटभर लागतं, असं दुकानदार म्हणाला होता. रागात मी ते साफ विसरले.

"रम्या, ओरडू नकोस गं," आजोबा म्हणाले. "कान फुटतील."

मी जीभ चावली. प्रदीपकुमार घाईघाईनं पुढं सरकला. "आजोबा, मी..."

"तू स्वल्प थांब, जरासा. ऐकायचं ते ऐकलं मी. अक्का, साखर आण."