चुन्याची रेघ

तेजरामच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन वरच्या झाकणापाशी, म्हणजे हेडपाशी, तेल गाळत होतं. दोनदा सांध्यातलं गॅस्केट बदलूनही गळती थांबेना, तेव्हा त्याने गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. पण त्याची मुलगी गुड्डी तिच्यावरच भंडाऱ्याला कॉलेजात जायची.

"एकदा मले पाहू द्या, बाबा."

तिने हेड काढून सपाट काचेवर ठेवलं. एका कडेखाली कागद सहज सरकला. हेडच वाकलं होतं. नवं गॅस्केट तरी काय करणार? काचेवर पॉलिश पेपर अंथरून ती हेड घासत बसली.

"भांडे घासून राहिली का व?" तेजराम हसला.

कागद कुठूनच शिरेना, तेव्हा तिने नवं गॅस्केट बसवलं, समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत नेले आणि बापाच्या डबीतला चुना सांध्यावर फासला.

"तेल आलं त हा काळा पडन."

तेजराम स्वतः गाडी घेऊन तुमसरला जाऊन आला. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ पांढरीशुभ्र होती.

त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसला.

"चाल, मोहाडीच्या बाजारातून ने. लोकायले पाहू दे ना!"