तिसरं बटण

धाकट्या जावेचा थोरलीवर संशय होता आणि तो तिनं मन लावून जोपासला होता. दोघी एकाच कचेरीत. गाद्या-उशा विकणाऱ्या वेबसाइटची पानं थोरली रचायची. ती नीट चालतात का हे धाकटीनं लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, तपासायची. स्क्रिप्ट आपोआप पान उघडी, वरून तिसरं बटण शोधून दाबी आणि मागणी नोंदवी. पण हल्ली थोरली रोज पानावर काहीतरी हलवी, आणि स्क्रिप्ट 'रद्द करा' दाबून मोकळी होई.

आज साहेब स्वतः बघणार होते. स्क्रिप्ट चालली तर धाकटी नोकरीत कायम, नाहीतर घरी. आणि सकाळीच पान पुन्हा बदललेलं. नवरा म्हणाला होता, वहिनी तशी नाही. नवऱ्यानं असं म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली.

तेवढ्यात थोरली चहा घेऊन आली. आपणहून चहा म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"तू बटण जागेवरून शोधतेस?"

"मग कशावरून शोधू?"

"अगं, जागेवरून ओळखायला गेलीस तर खुर्चीत बसेल तो साहेब. नावानं शोध. परवाच प्रत्येक बटणाला नाव लावलंय मी. गिऱ्हाइकाला दिसत नाही, स्क्रिप्टला दिसतं."

धाकटीनं पानाच्या आत डोकावलं. नावं होती खरी. तिनं स्क्रिप्ट बदलून चालवली. मग थोरली जागेवर नाही असं बघून पुन्हा चालवली. मागणी बिनबोभाट नोंदली गेली. साहेबांसमोरही नोंदली गेली. त्यांनी मान डोलावली आणि कायम केल्याचं पत्र हातात ठेवलं.

जिन्यात तिनं थोरलीला गाठलं. "ताई, खरं सांगा, एवढे उपकार कशासाठी?"

"उपकार कसले? महिनाअखेर मी निघतेय इथून. जायच्या आधी पसारा आवरत होते. मागे तुझी पंचाईत नको."

"का निघताय?"

"कंटाळा आला," थोरली म्हणाली आणि हळूच हसली.

ताकही फुंकून पिणारी ही बाई. तिला नोकरीचा कंटाळा?

धाकटी तिथेच पायरीवर बसली आणि कुठे मेख मारलीय ते शोधत पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली.