बर्था आंटींची स्वच्छ वाडी

क्षितिजाचा किडा तिळाहून लहान. ढेकणाच्या जातकुळीतला, पण कुणाला चावत नाही की घरात शिरत नाही. ओल्या पाचोळ्याखाली राहतो आणि बोट न्यावं तर टुणकन उडी मारून गायब! असल्या किड्यामागे जन्म घालवणारी माणसं किती असणार? विरारच्या कॉलेजात शिकवणारी ही बाई त्यांतली एक. गेल्या साली पापडी गावात, बर्था आंटींच्या वाडीत चिकूखाली तिला दोन माद्या सापडल्या. जात नवीच वाटत होती, पण नर हाती लागल्याशिवाय तसं ठामपणे म्हणता येत नाही. शेजारच्या वाड्यांत आता इमारती. पाचोळा उरला होता तो इथेच.

म्हणून तिने रविवारी येते असा फोन केला. तिथेच घात झाला.

फाटकातून आत आली आणि जागीच थबकली. चिकूखालची जमीन तळहातासारखी लख्ख, कोपऱ्यात राखेचा ढीग.

"ये गो बाय!" चर्चमधल्या मिस्सावरून आलेल्या आंटींनी साडीही बदलली नव्हती. "माणूस लावून सगळा कचरा जाळला बघ. मागच्या वेळी तू त्यातच बसलीस, मला मेलं किती लाजल्यासारखं झालं!"

"आंटी, अहो पण..."

"आणि खाली बसतेस ना, म्हणून मुंग्यांची पावडरपण मारून घेतली. आता काय चावणार नाय तुला."

आता कपाळ फोडावं की पाया पडावं? रागवायचं तरी कुणावर? पाहुणी येणार म्हणून म्हातारी दोन दिवस गुडघे धरून त्या माणसामागे उभी होती. क्षितिजा खाली बसली. कुंपणाची कड, झाडांचे बुंधे, सगळीकडची माती तिने चाळून पाहिली. बोटांना पांढरी पावडर लागत राहिली. काहीच उडालं नाही. तिला रडू फुटायला आलं, पण रडणार कशी? आंटी ताटलीत सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, घेऊन समोरच उभ्या.

"सापडला का एक तरी किडा?" त्यांनी भीतभीतच विचारलं.

"नाही आंटी. एकही नाही."

"देवाची कृपा!" आंटींनी छातीवर क्रूसाची खूण केली, चेहरा कसा उजळून निघाला. "मी पोराला, जॉयलला बोललेच होते, मॅडम तपासायला येतात तर येऊ दे, आपल्या वाडीला कीड नाय. खा गो, खा!"

क्षितिजाने सुकेळं तोंडात घातलं. चावताना ती कोपऱ्यातल्या राखेकडे बघत राहिली.