रविवारचा श्वास

एवडोकियाने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि नळीत फुंकर मारली. काटा जरासा वर चढला, थरथरला आणि खाली बसला.

"मावशी, जोरात! मेणबत्ती विझवतात तशी," नर्स लाविनिया म्हणाली.

"मी मेणबत्त्या लावते गं पोरी. विझवायचं काम सैतानाचं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दम्याच्या नव्या औषधाची चाचणी हिवाळ्यापासून चालू होती. इथे रुमानियात, तशीच ग्रीसमध्ये, जॉर्जियात, डेन्मार्कमध्ये. प्रत्येकाने घरी रोज फुंकायचं आणि सगळीकडचे आकडे एकत्र ठेवून पाहायचे.

"तुमचा श्वास रविवारी खाली येतो, मावशी. एकट्या तुमचा असता, तर मी औषधाला नावं ठेवली असती. पण ग्रीसमध्येही रविवारीच, जॉर्जियातही. डेन्मार्कमध्ये मात्र नाही. रविवारी सकाळी करता काय तुम्ही?"

एवडोकियाने हनुवटीखालची रुमालाची गाठ घट्ट केली. खरं सांगितलं तर चाचणीतून काढून टाकतील. मग पुन्हा उशीला टेकून श्वास शोधत बसायचं. पण खोटं बोलून देवापुढे उभं कसं राहायचं?

"चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंत आम्ही ऑर्थोडॉक्स माणसं तोंडात काही घालत नाही," ती हळूच म्हणाली. "पाणी नाही. तुमचं औषधही नाही."

"अगं बाई! औषध म्हणजे काय न्याहारी आहे?"

"लाविनिया, गप्प बस." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "म्हणजे ग्रीस-जॉर्जियातही तुमचाच पंथ, डेन्मार्कमध्ये वेगळा. कुणी काढत नाही तुम्हाला. सकाळचं औषध रात्री देऊन चालेल का, ते आता आम्ही सगळे मिळून पाहू. तोवर रविवारी चुकवू नका."

"ते माझ्या हातात नाही. फादरना विचारावं लागेल."

"मग विचारा की," म्हणत लाविनियाने दार उघडलं.

बाहेर बाकावर फादर तेओफिल आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. काळ्या झग्यावर, मांडीत, तिच्यासारखीच फुंकायची नळी.

"रविवारचं सांगितलंस तू?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

ते नळीकडे पाहत राहिले. त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. प्रवचनाच्या वेळीही वाजायची. तिला वाटायचं, वय झालं.

"या रविवारी औषध घे आणि मगच चर्चमध्ये ये," ते म्हणाले.

"आणि प्रसाद?"

"तो द्यायला मला उभं राहता यायला हवं ना?" खोकला आवरत फादर उठले. "मीही घेऊनच येईन."