वॉर्ड हलवला

"आडवं धरा हो, आडवं! असं उभं नेलंत तर दारातच अडकेल ते."

आक्कांचा आवाज चढला तसं दोन्ही हमालांनी बाळंतपणाचं टेबल पुन्हा खाली टेकवलं. एकाने कपाळावरचा घाम बाहीला पुसला. दुसरा वैतागून म्हणाला, "मग बाई, आत आणलं तेव्हा कसं आणलं होतं?"

"तेव्हा दार बसवलं नव्हतं अजून," आक्का म्हणाल्या.

गावातला बाळंतपणाचा वॉर्ड उभा राहिला त्या दिवसापासून त्या तिथे होत्या. कागदोपत्री कंत्राटी परिचारिका, पण गावाला त्या आक्काच. पिळदार मिशीचा पोस्टमनसुद्धा रस्त्यात त्यांना बघून सायकलवरून उतरायचा, कारण एकदा त्याने भर बाजारात आवाज चढवला होता आणि आक्का शांतपणे म्हणाल्या होत्या, "हळू बोल रे. तुला उलटा धरून मी रडवलाय, तेव्हासुद्धा एवढा ओरडला नव्हतास."

टेबल अखेर दारातून बाहेर पडलं. शहरातून आलेले साहेब व्हरांड्यात उभे होते. माणूस वाईट नव्हता. आक्कांच्या नजरेला नजर देणं टाळत होता, एवढंच.

"सिस्टर, माझ्या हातात काही नाही हो. ऑपरेशन करणारा डॉक्टर इथे टिकत नाही. डॉक्टर नाही म्हणून ज्यांना परवडतं ते बाळंतपणाला शहरात जातात. मग इथली बाळंतपणं कमी दिसतात. वरचे म्हणतात, जिथे माणसं तिथे सोय."

"ज्यांना नाही परवडत त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी गाडी ठेवलीय ना. फोन केला की येईल."

"सोय गेली की उरलीसुरली माणसंही जातील, साहेब."

"तेही खरंच आहे," साहेब म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

गाव तसं गरीब नव्हतं, असं निदान वर्तमानपत्र म्हणायचं. गावामागच्या डोंगरात उत्तम दगड होता आणि शहरातल्या उंच इमारतींना तोच लागायचा. दिवसभर ट्रक भरून डोंगर शहराकडे चाललेला असायचा. खाणी चार घरांच्या. ती चारही घरं शहरात राहायला गेली होती. त्यांची मुलं तिथे शिकायची, दुखणी तिथे काढली जायची, खरेदीही तिथेच व्हायची. इथे राहिले ते दगड फोडणारे. त्यांच्या मजुरीत दोन वेळचं जेवण निघायचं, चपला नव्या निघायच्या नाहीत. म्हणून आधी चपलांचं दुकान बंद पडलं, मग चष्म्याचं, मग टॉकीज. आणि टॉकीज बंद पडल्यावर संध्याकाळी भांग पाडून मिरवायलाही कारण उरलं नाही, त्याचा फटका आक्कांच्या यजमानांना बसला. त्यांचं केशकर्तनालय होतं. दोन खुर्च्यांपैकी एकीवर आता कायमची चादर टाकलेली असायची.

त्या दिवशी आक्का घरी आल्या तेव्हा ते पेपर वाचत बसले होते.

"ऐकलंस का? आपल्या भागाचं उत्पन्न वाढलंय म्हणे. कुठे वाढलंय ते मात्र लिहिलेलं नाही."

"वॉर्ड गेला," आक्का म्हणाल्या.

त्यांनी पेपर खाली ठेवला. त्याची घडी घालत म्हणाले, "माझी तर डोकीच गेली गावातली. कापू कुणाची? तुझं तरी चालू होतं." मग स्वतःच्याच विनोदावर हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या वॉर्ड सोडून कधीच्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. "आक्का, माझ्या ओळखीचं एक घर आहे. नुकतंच बाळ झालंय. अनुभवी बाई हवीय, राहायला. पगार इतका चांगला आहे की तुम्ही दोनदा विचाराल. माणसं सज्जन आहेत. नाही म्हणू नका."

आक्का लगेच हो म्हणाल्या नाहीत. अडचण चिमणीची होती.

चिमणी म्हणजे शेजारच्या शिवणवालीची मुलगी. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की वॉर्डातल्या बायकांनीच तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शाळेपर्यंत टिकलं. तिला उबेच्या पेटीत ठेवून, रात्ररात्र जागून आक्कांनीच जगवलं होतं. आता ती स्वतः पोटुशी होती. नवरा खाणीवर. "माझं बाळंतपण आक्काच करणार," असं ती लग्नातच सांगून बसली होती.

आक्कांनी तिला कॉटवर झोपवलं आणि पोट चाचपलं. हात वर गेले तसे थबकले. बाळाचं डोकं खाली हवं, ते वर होतं.

"फिरेल अजून," त्या म्हणाल्या. "पण नाही फिरलं तर इथे वाट बघत बसायचं नाही. तारखेच्या आधीच शहरात जाऊन राहायचं. ऐकतेस ना?"

"राहू कुठे, आक्का?" चिमणीने सरळ विचारलं. "आणि हे खाडे करून बसले तर मुकादम दुसरा माणूस घेईल. तुम्ही जा बरं. मी काय जगातली पहिली बाळंतीण आहे का? गाडी आहे की."

तिची आई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला नाही, पण म्हणाली, "जा तुम्ही. तुमचंही घर आहे. इथे राहून तरी कुठे करणार? टेबलसुद्धा नेलं त्यांनी."

आक्का गेल्या.

घर विसाव्या मजल्यावर होतं. बाळाला स्वतःची खोली होती, खोलीला स्वतःची हवा होती, आणि हवा किती गार ठेवायची ते सांगणारं यंत्र होतं. पहिल्या दिवशी आक्का तिथे पाय चोरून वावरल्या. पण बाळ ते बाळच. त्याने एकदा त्यांच्या खांद्यावर मान टाकली आणि त्यांचे हात आपोआप कामाला लागले. त्याची आई, ज्यांना घरात सगळे वहिनी म्हणायचे, दोन दिवसांत आक्कांवर इतक्या विसंबल्या की आक्का अंघोळीला गेल्या तरी दाराबाहेरून विचारायच्या, "आक्का, तो शिंकला! काही नसेल ना?"

एकदा जेवणाच्या टेबलावरून वहिनींच्या नवऱ्याने कौतुकाने विचारलं, "तुमच्या भागात आता रस्ता मस्त झालाय म्हणे?"

"झालाय," आक्का म्हणाल्या. "ट्रक जातात."

चिमणीशी रोज बोलणं व्हायचं. बाळ फिरलं नव्हतं. आक्कांनी चार दिवस मनात जुळवाजुळव केली आणि एका सकाळी वहिनींना विचारलंच. "आमच्या शेजारची मुलगी आहे, माझ्या हातावर जन्मलेली. बाळ पायाळू दिसतंय. थोडे दिवस माझ्या खोलीत राहिली तर? खाली निजेल. दवाखान्याचं मी बघते."

वहिनींचा चेहरा खरोखर पडला. "अहो आक्का, मला समजतं हो. पण बाळ इतकं लहान आहे. डॉक्टर म्हणालेत, बाहेरचं कुणी नको. काही झालं तर मी यांना काय सांगू? तिला एखाद्या चांगल्या दवाखान्यात का नाही ठेवत?" आणि त्यांनी चांगल्या मनाने एका दवाखान्याचं नाव सांगितलं. ते नाव आक्कांना माहीत होतं. त्यांच्या गावातलं कुणी त्याच्या पायऱ्या चढल्याचं मात्र त्यांना आठवत नव्हतं.

"बरं," आक्का म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? कुणी दुष्टपणा केला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग एका दुपारी फोन आला. बाळ नुकतंच दूध पिऊन झोपलं होतं, वहिनीही पलीकडे पडल्या होत्या. शिवणवालीचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आक्का, घाटात आहोत. गाडी उशिरा आली. पुढे ट्रक बंद पडलाय, मागे सगळे ट्रक. हलतच नाहीये काही. पाय आलेत हो, आक्का! बाळाचे पाय बाहेर आलेत!"

आक्का उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज वॉर्डातला झाला. "ऐक. ओढायचं नाही. काही झालं तरी ओढायचं नाही. गाडीत नर्स आहे?"

"नाही. नुसता ड्रायव्हर."

"त्याला ट्रकवाल्यांकडे पळव, वाट काढा म्हणावं. चिमणीला बाकाच्या कडेला घे, कंबर काठावर येऊ दे. तिला सांग, कळ आली की जोर कर, नाहीतर नाही. तू हात लावू नकोस. आपोआप येऊ दे."

पलीकडून चिमणीचं ओरडणं ऐकू येत होतं आणि त्यामागे हॉर्नवर हॉर्न. आक्कांनी फोन मान वाकवून खांद्यावर दाबून धरला होता. दोन्ही हात त्यांनी समोर धरले होते, जणू अंग त्यांच्याच तळव्यांवर उतरणार होतं.

"बेंबीपर्यंत आलं, आक्का."

"छान. स्वच्छ कपड्यात धर, कमरेला धर, पोटाला नाही. पाठ वर राहू दे. आता हात येतील. आले?"

"एक आला... दोन्ही आले."

"आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं राहिलंय ना? घाबरू नकोस. त्याला तुझ्या हातावर घोड्यावर बसवतात तसं घे, पोट हातावर. दोन बोटं गालांच्या हाडांवर ठेव आणि हनुवटी छातीकडे... ऐकतेस का? हनुवटी छातीकडे वळव. दुसऱ्या हाताने... हॅलो?"

फोनमध्ये काहीच नव्हतं.

"हॅलो? ऐकतेस ना? अगं, हनुवटी छातीकडे... हॅलो?"

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्या भागात फोन लागत नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. आक्का उभ्याच होत्या. हात अजून तसेच समोर, बोटं वाकलेली. आणखी काही क्षणांचं काम होतं. कितीदा केलं होतं त्यांनी ते, बोलता बोलता, कधी हसता हसता.

शेजारच्या खोलीत बाळ जागं होऊन रडू लागलं. आक्कांनी जाऊन त्याला उचललं.

संध्याकाळी यजमानांचा फोन आला. ते कधी इतकं हळू बोलत नसत. "चिमणी आहे. रक्त फार गेलं, पण आहे. बाळ... मुलगा होता. गाडी निघेपर्यंत चिमणीची आई त्याला चोळत होती म्हणे."

"तिच्या आईला म्हणावं, तुझी काही चूक नाही," आक्का म्हणाल्या. "हे नक्की सांगा. पुन्हा पुन्हा सांगा."

"सांगतो. तू येतेस?"

आक्कांनी रजा मागितली. वहिनींच्या डोळ्यांत ऐकूनच पाणी आलं. त्यांनी आक्कांचे हात धरले आणि म्हणाल्या, "बाई गं! किती वाईट. पण आक्का, एवढा आठवडा जाऊ द्या ना. यांची आई येतेय रविवारी, मग जा. मला एकटीला याची भीती वाटते हो." त्यांना खरंच भीती वाटत होती. ते दिसत होतं.

त्यानंतर दोन दिवस गावाकडून काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आक्का खिडकीशी बाळाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या, तेव्हा फोन वाजला. पलीकडे चिमणी होती.

"आक्का," ती म्हणाली, "दूध आलंय. ब्लाउज भिजतोय सारखा. काय करू?"

आक्कांनी बाटली थोडी तिरकी केली, हवा जाऊ नये म्हणून. बाळाचे ओठ चालू होते.

"गार पाण्याची घडी ठेव," त्या म्हणाल्या. "नीट बसणारा घट्ट ब्लाउज घाल, पण करकचून नको. पिळू नकोस, पिळलं की आणखी येतं. फारच ठणकलं तर थोडंसं सोड, तेवढंच. आठ-दहा दिवसांत आटेल."

"आटेल?"

"आटेल, बाळा."

चिमणीने फोन ठेवला नाही. आक्कांनीही ठेवला नाही. दोघी तशाच एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या, आणि मांडीवरचं बाळ पोटभर पीत राहिलं.